कशावर ऐकणार?

साहेबरावच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की ‘या, बसा’च्या आधी एक प्रश्न यायचा. कशावर ऐकणार? नवं गिऱ्हाईक गांगरायचं. बाबा रे, तू गाणी भरून दे, कशावर ऐकायचं ते आमचं आम्ही बघू. पण उत्तर मिळाल्याशिवाय साहेबराव कोऱ्या कॅसेटवरचा कागद फाडत नसे.

हे भोकरदनच्या बसस्टँडसमोरचं दुकान, शहाऐंशी-सत्त्याऐंशी सालातलं. पिंपळगाव रेणुकाईचा हा माणूस जालन्यात एका लाऊडस्पीकरवाल्याकडे उमेदवारी करून आलेला. तेव्हा लोक आवडीची गाणी सांगायचे आणि दुकानदार ती एका कॅसेटमध्ये भरून द्यायचा. भरून देणारे पुष्कळ होते. कॉपीवरून कॉपी, तिच्यावरून आणखी एक; शेवटी गाणारा विहिरीतून हाका मारतोय असं वाटायचं, आणि लोक तेच कौतुकानं ऐकायचे. साहेबरावकडे मात्र मूळ कंपनीच्या कॅसेटवरूनच भरून मिळायचं. ट्रॅक्टरवर ऐकणाऱ्याला एक तऱ्हा, घरच्या टेपवर ऐकणाऱ्याला दुसरी, आणि वॉकमनला हलका हेडफोन लावून फिरणाऱ्या कॉलेजच्या पोरांना तिसरी. स्वस्तातल्या हेडफोनवर त्याचा विशेष जीव. तो म्हणायचा, हेडफोन गरीब आहे म्हणून त्याला शिळं वाढायचं नाही. उलट त्यालाच ताजं लागतं, कारण त्याच्या अंगात स्वतःचं काही नसतं.

कान होता माणसाला, हे कबूल केलंच पाहिजे. कॅसेट सुरू होऊन गाण्याचा मुखडाही संपायचा नाही तोवर तो सांगायचा, ही दुसरी कॉपी आहे आणि ज्या डेकवर भरली त्याचं टेप वाचणारं हेड मळलेलं आहे. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी गावोगावच्या गायन पार्ट्या त्याच्याकडे चकरा मारायच्या. बौद्धवाड्यातल्या माणसाला बाजारपेठेतले लोक ‘साहेबराव, जरा ऐकून सांगा’ म्हणतात, हे त्याच्या बापाच्या वेळी घडलं नसतं. तो कान हीच त्याची जमीन आणि तीच त्याची पाटीलकी.

पण पाटीलकी अंगात आली की हातात चाबूकही येतो. साहेबरावचा चाबूक म्हणजे परीक्षा. कुणी म्हणालं की मूळ आणि कॉपीत फरक तो काय असतो, की तो त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवायचा, दोन कॅसेटी वाजवायचा आणि चारचौघांत विचारायचा, सांग, मूळ कोणती? चुकला की त्याला नाव पडायचं. बायको कौसल्या लग्नानंतर पहिल्याच परीक्षेत नापास झाली, तेव्हापासून घरात ती ‘भैरी’. हाक मारायचीही तीच.

शेजारच्या चहावाल्या कचरूचं तर फारच वाईट झालं. त्याच्या लग्नाला महिना झाला नव्हता, सासरची माणसं पाहुणी आली होती, आणि त्यानं जालन्याहून हौसेनं एक कॅसेट आणली होती. साहेबराव म्हणाला, ही कॉपी आहे. कचरू म्हणाला, मूळ आहे. परीक्षा झाली आणि कचरूनं दोन्ही वेळा कॉपीलाच मूळ म्हटलं. साहेबरावनं त्याच्या सासऱ्यादेखत त्याचा कान धरून हलवला आणि विचारलं, “हे कान हायेत का मातीची बोळकी?” झालं. कचरूचा मातीकान्या झाला, आणि पुढं शाळेत त्याचं पोरगंसुद्धा मातीकान्याचं म्हणून ओळखलं जाऊ लागलं. कचरू हसला होता. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहाही घेऊन आला होता. साहेबरावला वाटलं, विषय संपला. हसून सोडलेली गोष्ट माणूस सोडत नसतो, जपून ठेवत असतो, एवढी अक्कल त्याच्या तल्लख कानांतून आत गेली नव्हती.

मग दुकानाच्या पाठीमागं कापसातली सरकी काढणारी जिनिंग आली. दसऱ्याला कापूस आला की यंत्रं धडधडायला लागायची ती उन्हाळ्यापर्यंत. त्या गोंगाटात भरलेली कॅसेट तपासायची कशी? साहेबराव हेडफोनचा आवाज वाढवायचा. यंत्रं वाढली, त्यानं आवाज आणखी वाढवला. दिवसभर, वर्षानुवर्षं, सगळा आवाज पूर्ण फिरवून तो कानात गाणी ओतत राहिला. ज्या कानावर पोट चालत होतं त्याच कानावर घण घालत होता, आणि त्याला धंद्यातली चोखाई म्हणत होता.

कान एकदम जात नाही. आधी त्याचं वरचं टोक झडतं. टाळांची किणकिण, घुंगरू, बाईच्या आवाजातली धार, बोलण्यातले स आणि श. खालचं सगळं शाबूत राहतं. त्यामुळे आपण बहिरे होतोय असं माणसाला वाटतच नाही, जग मळकट झालं असं वाटतं. साहेबराव स्पिरिटनं हेड पुसत बसला. मग हेडच बदललं. मग कोऱ्या कॅसेटींची कंपनी बदलली, डेक बदलला, हेडफोनवर हेडफोन आणले आणि प्रत्येकाला शिव्या घातल्या. शेवटी ट्रेबलचं बटण, म्हणजे बारीक आवाज वाढवायचं, थोडं थोडं वर नेऊ लागला. त्याला बरं वाटलं. गिऱ्हाइकांच्या कानात मात्र त्या कॅसेटी टोचू लागल्या.

हे पहिल्यांदा कळलं ते कचरूला. साहेबरावच्या मनगटावर मेव्हण्यानं दिलेलं आकड्यांचं घड्याळ होतं, दर तासाला टीं-टीं वाजणारं. एकदा चहा देताना ते वाजलं आणि साहेबराव ढिम्म. कचरूनं सहज विचारलं, साहेबराव, तुमचं घड्याळ वाजत न्हाई का आता? साहेबराव म्हणाला, त्याचा आवाज गेलाय, बाकी टायम बराबर दाखवतं. कचरू चहाची किटली घेऊन परत गेला तो अंगणात गुप्तधन सापडल्यासारखा.

त्या दिवसापासून बसस्टँडवर एक नवा खेळ सुरू झाला. कुणीतरी आपल्या घड्याळाचा गजर लावायचं आणि ते साहेबरावच्या काउंटरवर पेपराखाली सरकवायचं. घड्याळ कोकलत राहायचं आणि साहेबराव त्याच्यावर कोपर टेकून लोकांना समजावत राहायचा की खरा कान कशाला म्हणतात. चहाच्या टपरीवर माणसं पोट धरून हसायची. एवढं तालुक्याचं गाव, पण एकानंही त्याला बाजूला घेऊन सांगितलं नाही. का सांगावं? प्रत्येकाच्या पाठीवर त्याचा एकेक वळ होता. सांगितलं फक्त कौसल्यानं, एकदाच. “अवं, तुम्हाला कमी ऐकू येऊन राह्यलं.” साहेबराव ताटावरून उठला. भैरी मला शिकवते, म्हणाला, आणि पुढं कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. तिनंही मग तोंड शिवून घेतलं.

दोन हजार दोनमध्ये कॅसेटी मागं पडल्या आणि दुकानात कम्प्युटर आला. तो चालवायची त्याची पोरगी बेबीनंदा. बारावी झालेली, कम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि गाणारी. कामात असली तरी ओठात काहीतरी असायचं. आता लोक एका सीडीत शंभर-दीडशे गाणी मागू लागले होते. बेबीनंदानं बापाला समजावलं की एकच गाणं लहान फाईलमध्येही बसतं आणि मोठ्यामध्येही. चौसष्टची फाईल हलकी पण आवाज चिरडलेला, एकशे ब्याण्णवची जड पण स्वच्छ. साहेबरावनं हेडफोन चढवला आणि लोकांसमोर स्वतःच परीक्षा दिली. दोन्ही ऐकल्या. पुन्हा ऐकल्या. मग हेडफोन काढून निकाल दिला, की कसलाही फरक नाही, हे सगळं कम्प्युटर विकणाऱ्यांचं थोतांड आहे.

ज्या माणसानं कॉपी ओळखता आली नाही म्हणून अर्ध्या तालुक्याला नावं ठेवली, तो आता पाणी आणि दूध एकच म्हणत होता. टपरीवर कचरूनं स्वतःच्या खर्चानं सगळ्यांना चहा पाजला.

पुढच्या वर्षी बेबीनंदासाठी दोन निरोप एकाच सुमारास आले. एक धावड्याहून, स्थळाचा. घरी मिरचीची शेती, मुलगा कष्टाळू, माणसं बरी. एकच अट, सून स्टेजवर गाणार नाही. दुसरा जालन्याच्या भुजंगचा. त्याची गायन पार्टी जिल्हाभर नावाजलेली, तिच्यातली गाणारी बाई संसाराला लागून पार्टी सोडून गेली होती. कुणाकडून तरी बेबीनंदाचं नाव त्याच्या कानावर आलं होतं. दोन गाणी भरून पाठवा, म्हणाला, आवडली तर जयंतीला उभी करतो. साहेबरावनं फोनवर सवयीनं विचारलं, कशावर ऐकणार? भुजंग म्हणाला, आमचं घर म्हणजे जीप, मी जीपमध्ये हेडफोन लावूनच ऐकतो.

साहेबरावनं त्या दिवशी पोरीला शब्द दिला. भुजंग हो म्हणाला तर धावड्याला नाही कळवायचं. बेबीनंदानं आईला मिठी मारली. तिला दुसरं काही नकोच होतं. गाणं हातात राहिलं तर ती उपाशीही राहिली असती.

भर दुपारी, जिनिंगच्या सुटीच्या दिवशी, दुकानाचं शटर अर्धं ओढून तिनं गाणी म्हटली. ढोलकीला गल्लीतलाच एक जण होता. आणि पोरगी काय गायली म्हणून सांगू! खालच्या सुरात माया होती, वर गेली की आवाज उन्हात धरलेल्या तांब्यासारखा लखलखत होता. ढोलकीवाला वाजवून झाल्यावर डोळे पुसत बसला. जे रेकॉर्ड झालं ते तसंच पाठवलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ माझ्यावर आली नसती.

पण साहेबरावनं हेडफोन चढवला आणि त्याचा चेहरा पडला. पदर तोंडावर धरून गायल्यासारखं येतंय, म्हणाला. त्यानं बारीक आवाज वाढवायला सांगितला. आणखी. आणखी. कम्प्युटरवरची ती पट्टी वरच्या टोकाला जाऊन थटली तेव्हा कुठं त्याच्या तोंडावर समाधान आलं. बेबीनंदानं हेडफोन कानाला लावला आणि झटकन दूर केला.

“पप्पा, लय चिरकून राह्यलं. कानात सुई घातल्यासारखं होतं. पहिलंच ऱ्हाऊ द्या.”

“तुला काय कळतं? आईवर गेलीस तू. गळा असंल, पण कान न्हाई तुला.”

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. टपरीवरचा खेळ तिला ठाऊक होता. बापाला हसणारी माणसं ती रोज पाहत होती. ‘पप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण आईचं काय झालं ते तिनं पाहिलं होतं, आणि कान गेला तर या माणसाकडं उरतं काय हेही तिला कळत होतं. तिनं हेडफोन टेबलावर ठेवला. साहेबरावला मात्र साक्षीदार हवा होता. त्यानं कचरूला हाक मारली.

कचरू आला. त्यानं हेडफोन लावला. बेबीनंदा त्याच्याकडं पाहत होती, आणि कशासाठी पाहत होती हे त्याला पक्कं माहीत होतं. लहानपणी ती त्याच्याच टपरीवर बिस्किटं खाऊन वाढलेली. त्या आवाजानं त्याच्या कपाळाला आठी पडली, ती त्यानं पुसली.

“आता बराबर झालं,” कचरू म्हणाला. “एकदम कडक. मातीकान्यालासुद्धा कळून राह्यलं.”

तो हसला आणि कप गोळा करून निघून गेला. माणूस सूड घेतो तेव्हा ज्याच्यावर घ्यायचा त्याच्यावर घेतो असं नाही, हाताशी जो सापडेल त्याच्यावर घेतो.

साहेबरावनं ती गाणी चौसष्टच्या फाईलमध्ये करायला लावली. हलकी फाईल कुठल्याही मशीनवर अडत नाही, असं त्याचं म्हणणं. आधीच चिरकणारा आवाज आता चिरडलाही गेला, आणि तसाच सीडीत भरून भुजंगकडं रवाना झाला. मग जयंतीची गाणी यायचीत, जागा लागेल म्हणून त्यानं पोरीच्या देखत मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. ती म्हणाली, असू द्या ना पप्पा, पडून राहील. तो म्हणाला, खराब माल आपण दुकानात ठेवत नसतो.

भुजंगचा फोन आठवड्यानं आला. पोरीच्या गळ्यात पत्रा आहे, म्हणाला. जीप जालन्याहून टेंभुर्णीला पोचेपर्यंतसुद्धा ऐकवेना, हेडफोन काढून ठेवला. साहेबरावनं फोन आपटला आणि भुजंगचे कान किडलेत असं दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. एवढ्यावर थांबता तर बरं होतं. पण जेवताना त्याच्या मनात वेगळंच आलं आणि ते तो बोलून मोकळा झाला. “भुजंगचंबी बिलकुल चूक न्हाई म्हणा. तुझ्या आवाजात तेज असतं तर मला एवढं वाढवावं लागलं नसतं. गळाच कमी पडला तुझा.”

बेबीनंदानं हातातला घास खाल्ला, ताट धुतलं आणि दुसऱ्या दिवशी धावड्याला हो कळवायला सांगितलं. लग्नात कचरूनं वऱ्हाडाला चहा वाटला. पाठवणीच्या वेळी तो एकटा मांडवामागं जाऊन उभा राहिला म्हणतात. राहू दे. त्याचं मला काही वाटत नाही.

दोन हजार सहाला भोकरदनला कानाच्या तपासणीचं फुकट शिबीर भरलं. साहेबराव तिथं गेला तो आजारी म्हणून नाही, मिरवायला. गिऱ्हाईक तुटत चाललं होतं, त्याच्या सीडीनं डोकं उठतं अशी बोंब झाली होती, तेव्हा खरा कान काय असतो ते डॉक्टरच्या तोंडून एकदा होऊनच जाऊ दे, असं तो सगळ्यांना सांगून गेला. मग काय, बसस्टँडवरची सगळी मंडळी बघायला. कौसल्या बरोबर होती.

तपासणारी एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाबा. साहेबराव हसला. जन्मभर ज्या खुर्चीवर त्यानं दुसऱ्यांना बसवलं तिच्यावर आज तो स्वतः बसला होता. पहिले जाड आवाज आले, त्यानं पटापट बटण दाबलं. मग बटण थांबलं. डॉक्टरीण यंत्राची चकती फिरवत राहिली आणि साहेबराव बटणावर अंगठा ठेवून तयारीत बसून राहिला, दाराशी उभ्या लोकांकडं बघत, आत्ता येईल, आत्ता येईल. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, “मॅडम, हेडफोन खराब आहे तुमचा. हलक्यातला आहे. मला त्यातलं कळतं.”

डॉक्टरीण समजूतदार होती. तिनं तोच हेडफोन शेजारी उभ्या कौसल्याच्या डोक्यावर ठेवला आणि बटण तिच्या हातात दिलं. चकती फिरू लागली. कौसल्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. प्रत्येक वेळी दाबलं. नवऱ्याच्या तोंडाकडं बघून तिला थांबावंसं वाटत होतं, पण डॉक्टरशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती. दारातून कुणीतरी हळूच म्हणालं, भैरी पास झाली. या वेळी मात्र कुणी हसलं नाही. कचरू केव्हाच निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबराव धावड्याच्या बसमध्ये बसला. बेबीनंदा ओट्यावर मिरचीची देठं खुडत होती. तोंडाला फडकं, डोळे लाल, आणि बोलली तेव्हा आवाज घोगरा, खोकल्यानं तुटलेला. मिरचीच्या तिखट खकाण्यानं वर्षा-दोन वर्षांत तिचा गळा बसला होता. साहेबरावनं पाणीही घेतलं नाही.

“त्या वक्ताला ते खरंच चिरकत होतं?”

“हो.”

“मंग तू सांगितलं का न्हाई?”

“सांगितलं होतं, पप्पा. तुम्ही म्हणले, मला कान न्हाई.”

मग त्यानं विचारलं, तुझं ते पहिलं गाणं, साधं, काही न वाढवलेलं, ते असेल ना कुठं? निदान लोकांना ऐकवतो. भुजंगला ऐकवतो. बेबीनंदानं त्याला आठवण करून दिली की ते त्यानंच पुसलं होतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता; राग असता तर त्याला सोसलं असतं. तिनं आणखी एक पाटी मिरची पुढं ओढली. आता गाऊन बघ म्हणायची त्याची छाती झाली नाही.

बेबीनंदाच्या गाण्याची म्हणून जगात आता एकच सीडी आहे, भुजंगनं परत पाठवलेली. ज्याच्या-त्याच्या कानात ती सुईसारखी जाते. एकाच माणसाला ती गोड लागते, ज्यानं ती बिघडवली त्याला. सीडी लावून, हेडफोन चढवून, सगळा आवाज पूर्ण फिरवून साहेबराव दुपारभर ऐकत बसतो आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत असतं. त्याला पोरगी स्वच्छ ऐकू येते, अगदी तेव्हा गायली होती तशी. हेडफोनमधून बाहेर सांडणारा तो चिरका आवाज घरभर पसरला की कौसल्या धान्याचं सूप उचलते आणि अंगणात जाऊन निवडत बसते.